उद्याची उत्तरं

सव्वीस वर्षं तिने एका दैनिकासाठी रोजचं शब्दकोडं रचलं, आणि त्या सव्वीस वर्षांत कोड्याखाली तिचं नाव एकदाही छापून आलं नाही. जुने संपादक म्हणायचे, "कोड्याला नाव देऊ नये. नाव दिलं की लोक कोडं सोडून माणसाला सोडवायला बसतात." तिला ते पटलं होतं. कचेरीत तिला सगळे कोडेबाई म्हणत. दर शनिवारी सात कोड्यांचं पाकीट घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर जायची, शिपायाच्या हातात द्यायची, पाणी प्यायची आणि परत यायची.

कोडं ती सकाळी रचायची. खिडकीशी टेबल, टेबलावर मोठ्या चौकड्यांची वही, दोन पेन्सिली आणि पाठ निसटलेला शब्दकोश, ज्याला तिने परकराची नाडी बांधून ठेवली होती. कोडं झालं की नवऱ्यावर तपासायचं. नवरा बसचा कंडक्टर. त्याला कोडी येत नसत, म्हणूनच तो उपयोगी होता. त्याला एकही शब्द आला नाही तर कोडं अवघड, पाच आले तर फारच सोपं, तीन आले की छापायला हरकत नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून ती अंदाजाने काम चालवत होती. वह्या चाळीस झाल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक, प्रत्येक पानावर तारीख.

मग जुने संपादक निवृत्त झाले आणि नवे आले. दोन महिन्यांनी त्यांनी तिला आत बोलावलं. आत बसायला एक बुटका सोफा होता. त्यात बसलं की गुडघे छातीला लागायचे आणि समोरच्या माणसाकडे मान वर करून बघावं लागायचं.

"बाई, तुमचं काम चांगलं होतं," संपादक म्हणाले. "पण आता हे सगळं संगणक करतो. एक बटण दाबलं की कोडं तयार."

"मला एखादं दाखवाल का?" तिने विचारलं. तिला खरंच बघायचं होतं.

"तुम्हाला कळणार नाही ते," असं म्हणून त्यांनी फोन उचलला. फोन वाजलेला नव्हता.

ती घरी आली, पेन्सिलींना टोक केलं आणि मग लक्षात आलं की आता टोकाचं काही काम नाही. तोवर ती दुखावली होती, पण चिडली नव्हती. यंत्रावर काय चिडायचं?

पुढच्या रविवारी पेपर उघडला तर कोड्याच्या वर चौकटीत एका माणसाचा फोटो होता. पस्तिशीचा, भांग नीट पाडलेला, हनुवटीला हात लावून विचार करणारा. खाली लिहिलं होतं, 'आमचे नवे कोडेकार. यापुढे रोज, यांच्या कल्पक लेखणीतून.' आडनाव तिला माहीत होतं. संपादकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तिलाही आली होती.

म्हणजे बटण दाबलं की जावई बाहेर आला होता.

तिने पेन्सिल घेतली आणि कोडं सोडवायला बसली. पहिला आडवा: 'दिला की पाळावा लागतो', दोन अक्षरी. शब्द. हात आपोआप चालत होता, आणि तिला वाटलं, बरं रचलंय की. दुसरा: 'पोटात राहत नाही, ओठात आली की फुटते', तीन अक्षरी. बातमी. मग ती नऊ उभ्यावर आली. 'घोरतो, पण उठवून विचारलं तर नाही म्हणतो', चार अक्षरी.

उत्तर होतं नवरोबा. ही ओळ तिनेच लिहिली होती. ती वाचून तिचा कंडक्टर इतका हसला होता की चहा सदऱ्यावर सांडला, आणि मग म्हणाला होता, "आता सगळ्या गावाला कळलं की मी घोरतो." त्या आठवड्यात बसमधल्या प्रत्येक प्रवाशाला तो आजचं नऊ उभं आलं का, असं विचारत होता.

ती उठली, सात नंबरची वही काढली. पान बारा. तेच कोडं, घर न् घर तेच. बावीस वर्षांपूर्वीचं. दुसऱ्या दिवशी पेपरात पान तेरा आलं. तिसऱ्या दिवशी चौदा. कुणीतरी कपाटातली जुनी फाइल उचलली होती आणि ओळीने उतरवायला सुरुवात केली होती. मागचं पुढे करण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

तिने कचेरीत फोन लावला. उपसंपादकाने उचलला. त्याला ती वीस वर्षं ओळखत होती.

"कोडेबाई, मला सगळं माहीत आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पण छापलेलं ते दैनिकाचं. आणि खरं सांगू का, त्याच्यावर तुमचं नाव कुठे होतं?"

तिने फोन ठेवला. नवऱ्याचं घोरणं परक्या माणसाच्या फोटोखाली छापलं गेलं होतं आणि त्यावर नाव कुठे होतं म्हणून तिलाच विचारत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती तेव्हा. ही आग भडकणारी नव्हती. शेगडीतल्या निखाऱ्यासारखी ती धरून राहिली.

वरच्या मजल्यावर तिची धाकटी जाऊ राहायची. दोघींचं फारसं बरं नव्हतं. भांडण काही नव्हतं, पण धाकटीला बोलण्याची हौस आणि थोरलीला गप्प राहण्याची, त्यामुळे जिन्यात भेटल्या तरच बोलायच्या. धाकटीला निवडुंगाचं वेड होतं. तिच्या गच्चीत अठ्ठावन्न कुंड्या होत्या, आणि वाचनालयातल्या मंगळवारच्या फुकट वर्गाला जाऊन तिने त्या अठ्ठावन्न निवडुंगांची एक वेबसाइट केली होती. सगळ्या नातेवाइकांना तिने ती दाखवली होती आणि सगळ्यांनी ती बघायचं टाळलं होतं.

थोरली जिना चढून वर गेली.

"मला तुझ्यासारखी वेबसाइट करायची आहे," ती म्हणाली.

धाकटीच्या हातात पाण्याची झारी होती. ती तिने खाली ठेवली. "जाऊबाई, बसा आधी. चहा टाकते. कशाची करायची? भरतकामाची?"

"सूड घ्यायचाय."

धाकटीने खुर्ची पुढे ओढली. "मग चहा नंतर," ती म्हणाली.

सगळं ऐकून झाल्यावर धाकटीचं म्हणणं पडलं की वह्यांचे फोटो तारखांसकट वेबसाइटवर टाकावेत, म्हणजे जगाला पुरावा मिळेल.

"पुरावा वाचतं कोण?" थोरली म्हणाली. "लोक हळहळतील आणि पान उलटतील. मला हळहळ नको आहे. त्यांचं कोडं मेलेलं हवंय. आज सात नंबरच्या वहीतलं एकोणिसावं पान छापलंय. उद्या विसावं येणार. विसाव्याची उत्तरं माझ्याकडे आहेत."

धाकटीला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती गालातल्या गालात हसली. "जाऊबाई, तुम्ही इतकी वर्षं खाली गप्प बसून हेच करत होतात का?"

शिकायला नऊ दिवस लागले. धाकटीने सांगितलं, यात फार काही नसतं. साधं नोटपॅड उघडायचं, मजकूर लिहायचा आणि प्रत्येक गोष्टीच्या आधी-नंतर कोनी कंसात खुणा घालायच्या. त्यांना टॅग म्हणतात. उघडलेला टॅग बंद करायचा, विसरलं की पुढचं सगळं पान बिघडतं. फाइलला ठरावीक नाव द्यायचं आणि ती फुकट जागा देणाऱ्या ठिकाणी नेऊन ठेवायची. पैसे लागतात ते फक्त स्वतःचा पत्ता हवा असेल तर, आणि तेही वर्षाला दोन सिनेमाच्या तिकिटांएवढे.

पहिल्या दिवशी थोरलीने पान चढवलं तर मराठीच्या जागी सगळी प्रश्नचिन्हं आणि वेडेवाकडे चौकोन उमटले. धाकटी घाबरली. तिची निवडुंगांची नावं लॅटिन होती, त्यामुळे तिच्यावर हा प्रसंग कधी आला नव्हता. दोघींनी मिळून मदतीची पानं वाचली. दोन तासांनी कळलं की कोणती लिपी वाचायची ते संगणकाला सांगणारी एक ओळ अगदी वर लिहावी लागते. ती ओळ लिहिली आणि अक्षरं जागच्या जागी आली.

"माझ्याही आयुष्यात वर एक ओळ लिहायची राहिली होती," थोरली म्हणाली.

मग तिला टेबलाचा टॅग सापडला. त्यात ओळी असतात, ओळींत घरं असतात आणि घराला रंग देता येतो. धाकटी समजावून सांगायला लागली तोवर थोरलीने नऊ ओळींची, नऊ घरांची जाळी लिहून काढली होती, काळ्या घरांसकट, एकही टॅग न विसरता. आयुष्यभर तिने हेच केलं होतं. घर उघडायचं, अक्षर ठेवायचं, घर बंद करायचं.

"मला हे जमायला तीन मंगळवार लागले," धाकटी जरा नाराज होऊन म्हणाली.

पानाला हिरवी पार्श्वभूमी असावी, असा धाकटीचा आग्रह होता. थोरलीने ती पांढरीच ठेवली. वर ठळक अक्षरांत एकच ओळ: 'उद्याची उत्तरं'. त्याखाली उद्याची तारीख आणि भरलेली जाळी. आणखी काही नाही, नाव नाही की गाव नाही. तळाशी फक्त पत्र पाठवायचा पत्ता होता, तोही धाकटी म्हणाली असतो म्हणून.

पण तिने ते लगेच चालू केलं नाही. त्याच आठवड्यात दैनिकाने स्पर्धा जाहीर केली होती. पहिल्या पानावर पुन्हा तोच फोटो, तोच हनुवटीला हात. चार आठवड्यांची महास्पर्धा. आठवड्याची सातही कोडी अचूक सोडवणाऱ्या प्रत्येकाला शहरातल्या एका मोठ्या फर्निचरवाल्याकडून एक घडीची खुर्ची. पूर्वीही अशा स्पर्धा व्हायच्या आणि सातही बरोबर असणारे दरवेळी आठ-दहाच निघायचे, कारण तिची कोडी तशी होती. फर्निचरवाल्याने त्याच हिशेबाने होकार दिला असणार.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला, तिने पहिलं पान चढवलं. मग दोघी जावा बाहेर पडल्या. वेबसाइटचा पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांनी कापून नेल्या होत्या. वाचनालयाच्या पेपरस्टँडवर, केस कापायच्या दुकानातल्या बाकावर, लाँड्रीच्या काउंटरवर, दवाखान्याच्या प्रतीक्षाखोलीत त्यांनी त्या ठेवल्या. धाकटी प्रत्येक ठिकाणी दोन शब्द बोलून येई. तिची बोलण्याची हौस त्या दिवशी पहिल्यांदा कारणी लागली.

पहिल्या दिवशी पान अकरा वेळा पाहिलं गेलं, त्यांतल्या चार वेळा धाकटीने. दुसऱ्या दिवशी साठ. तिसऱ्या दिवशी लोकांना कळलं की काल वाचलेलं आज खरोखरच छापून येतं, आणि मग फोनवरून फोनवर पत्ता पळत सुटला. आधीच्या दिवसांच्या जाळ्याही तिने खाली तशाच ठेवल्या होत्या. आठवडा संपला तेव्हा दैनिकाकडे सातही कोडी अचूक असलेल्या दोन हजार तीनशे प्रवेशिका आल्या. फर्निचरवाल्याच्या दुकानापुढे लोक खुर्च्या मागत उभे राहिले. एक गृहस्थ कुटुंबातल्या सहाही जणांच्या नावाने सहा प्रवेशिका घेऊन आले होते आणि जेवणाच्या टेबलाला शोभतील अशाच खुर्च्या हव्यात म्हणून अडून बसले होते.

ही बातमी धाकटीने आणली. थोरली ऐकत होती आणि शेंगा सोलत होती. "सहा का?" तिने विचारलं. "सून धरून?" आणि तिला इतकं हसू आलं की शेंगा खाली ठेवाव्या लागल्या. नवरा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

सोमवारी उपसंपादकाचा फोन आला.

"कोडेबाई, ते पान तुमचंच ना?"

"कुठलं पान?"

"साहेब वकिलाची भाषा बोलताहेत. बंद करा म्हणतात."

"बंद कशासाठी? मी माझ्या बावीस वर्षांपूर्वीच्या वहीतली उत्तरं लिहिते. तुमची कोडी नवी आहेत, कल्पक लेखणीतली. दोन्ही जुळत असतील तर तो योगायोग. वकिलाला विचारा, कोर्टात योगायोग म्हणून सांगायचं की आणखी काही."

मग उपसंपादक म्हणाला, "हे त्यांना सांगायला मला फार आवडेल," आणि त्याने फोन ठेवला.

दैनिकापुढे आता एकच वाट होती. जुनी फाइल बंद करून खरोखर नवी कोडी रचायची. मंगळवारी जावयाने स्वतः रचलेलं पहिलं कोडं छापून आलं. तिने ते सोडवलं नाही. लाल पेन्सिल घेऊन ती तपासायला बसली, आणि अकरा चुका काढून थांबली, कारण बारावी तिला दुष्टपणाची वाटली.

त्या दिवशी 'उद्याची उत्तरं'च्या खाली एक नवं पान सुरू झालं. त्यावर कोड्याची जाळी होती, चुकलेली घरं लाल होती आणि शेजारी तिचे शेरे. 'तहान भागवणारे, दोन अक्षरी. उत्तर दिले आहे पाणि, कारण उभ्या मणिबंधातला णि ऱ्हस्व आहे. पाणि म्हणजे हात. कोडेकारांची तहान हाताने भागत असेल, वाचकांची भागत नाही.' 'मासा हा शब्द आडवाही आहे आणि उभाही. जाळे एक, मासे दोन, कष्ट शून्य.' 'उजवीकडचे सहावे घर चारी बाजूंनी काळ्या घरांनी वेढलेले आहे. आत अक्षर कुठून न्यायचे ते कोडेकारांनी येऊन दाखवावे.' शेवटी तिने एक कोडं स्वतःतर्फे घातलं: 'खायला काळ, भुईला भार, चार अक्षरी.' ऐतखाऊ हे उत्तर लिहिलं नाही. सबंध पानाचं शीर्षक म्हणजे जावयाचं पूर्ण नाव आणि 'यांच्या चुका'.

हे पान उत्तरांपेक्षाही जास्त वाचलं गेलं. लोक त्यातली वाक्यं एकमेकांना पाठवत. दुसऱ्या दिवशीच्या कोड्यात सात चुका निघाल्या, तिसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी फर्निचरवाल्याने हात वर केले आणि स्पर्धा 'तांत्रिक कारणाने' रद्द झाली. पाचव्या दिवशी फोटो गेला.

सहाव्या दिवशी संपादक तिच्या घरी आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. तिने त्यांना खुर्ची दिली, साधी, सरळ पाठीची, आणि पाणीही दिलं. धाकटी त्याच वेळी साखर मागायला आली आणि साखर न घेता दाराशी उभी राहिली.

"झालं गेलं विसरून जाऊ या," संपादक म्हणाले. "तुम्ही परत या. मानधन वाढवून देऊ. या वेळी नाव घालू, अगदी ठळक."

"आणि मागच्या सव्वीस वर्षांचं?"

"म्हणजे?"

"उद्याच्या पेपरात पहिल्या पानावर छापा. सव्वीस वर्षांची कोडी कुणाची होती, आणि गेल्या महिन्यात कुणाची कुणाच्या नावावर छापली. एवढं छापलंत की मी शनिवारी पाकीट घेऊन येते."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. "असं कुठलंही वर्तमानपत्र छापणार नाही, बाई. तुम्हीही समजून घ्या. मालक आहेत, माझी मुलगी आहे."

"मग पाणी पिऊन घ्या," ती म्हणाली. "थंड आहे."

ते गेले. पाणी त्यांनी प्यायलं नाही. पुढच्या सोमवारी दैनिकात कोड्याच्या जागी गादीची जाहिरात आली, आणि मग रोजच येऊ लागली. कोडं कायमचं बंद झालं.

तिला हवं होतं ते हेच. तरीही त्या सोमवारी सकाळी तिने ती जाहिरात दोनदा पाहिली. गादीवर एक बाई झोपली होती.

त्याच आठवड्यात पानाच्या तळाशी दिलेल्या पत्त्यावर एक पत्र आलं. रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेचं. तिने लिहिलं होतं, 'आमच्या वॉर्डात हाडं मोडलेले लोक महिना-महिना पडून असतात. सकाळी मी कोडं मोठ्याने वाचायचे आणि सगळे मिळून सोडवायचे. तुमचं पान आल्यावर एका पेशंटने आधीच उत्तरं वाचून सांगायला सुरुवात केली, त्यावरून भांडणं झाली. आता तर कोडंच नाही. तुमच्यावर अन्याय झाला असेल. पण आमचं काय चुकलं?'

तिने ते धाकटीला वाचून दाखवलं.

"काय उत्तर देणार?" धाकटीने विचारलं.

"बरोबर आहे तिचं. उत्तर काय द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाळीस क्रमांकाच्या वहीत नवं पान उघडलं. कोडं रचून झालं तेव्हा सवयीने तिने मान वर केली, पण तपासायला समोर कोणी नव्हतं. ती वही घेऊन वर गेली. धाकटीला सात शब्द आले.

"फारच सोपं झालं," थोरली म्हणाली आणि खाली येऊन पुन्हा रचलं. ते तिने वेबसाइटवर टाकलं, रिकाम्या घरांचं, छापून घेता येईल असं. 'उद्याची उत्तरं' हे शीर्षक काढून तिथे 'रोजचं कोडं' लिहिलं, आणि खाली आपलं संपूर्ण नाव. परिचारिकेला तिने फक्त पत्ता पाठवला. आता रोज सत्तर-ऐंशी लोक येतात. दैनिकातलं हजारो लोक सोडवायचे, हे तिला माहीत आहे.

चुकांचं पान मात्र तिने तसंच ठेवलं.

दहाएक महिन्यांनी ती वाचनालयात कोश बघत बसली होती. एक माणूस समोर येऊन उभा राहिला. फोटो नसता तर तिने त्याला ओळखलं नसतं. भांग नव्हता आणि तो बारीक झाला होता.

"बसू का?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बसला. "मी त्यांना नको म्हटलं होतं. मला कोडी रचता येत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. सोडवता येतात. तुमचीच सोडवायचो, शाळेत असल्यापासून."

"मग नऊ उभं ओळखीचं वाटलं नाही?"

त्याने मान खाली घातली. "वाटलं."

"तरी फोटो काढायला हनुवटीला हात लावलात."

"तो फोटोवाल्याने लावायला सांगितला. दैनिकातून मला काढलं. नोकरीसाठी जिथे जातो तिथे लोक माझं नाव शोधतात, आणि पहिलं तुमचं पान येतं. सासऱ्यांचं नाव शोधलं तर त्यांना मिळालेले पुरस्कार येतात. ते आहेत तिथेच आहेत. तुम्ही ते पान काढाल का?"

"नाही," ती म्हणाली.

तो उठून गेला. त्याने आवाज चढवला नाही की विनवण्या केल्या नाहीत, आणि तेच तिला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. सूड गोड लागला होता, पण तो चुकीच्या पानावर वाढला गेला होता. ज्याने तिला बुटक्या सोफ्यात बसवलं तो अजून खुर्चीत होता.

दुसऱ्या दिवशी तिने नोटपॅडमध्ये चुकांचं पान उघडलं. शीर्षकातलं जावयाचं नाव काढलं, आणि मजकुरात जिथे जिथे होतं तिथूनही. एकूण चौदा ठिकाणी होतं. मग त्या जागी संपादकांचं पूर्ण नाव, त्यांचा हुद्दा आणि पुढे 'यांनी कोडेकार म्हणून छापलेले जावई' असं लिहिलं. वर एक नवा परिच्छेद घातला, त्यात सव्वीस वर्षं, सात नंबरची वही, पान बारापासून कोणत्या तारखेला काय छापलं ते सगळं, आणि धाकटीने पहिल्याच दिवशी सुचवलेले वह्यांचे फोटो. पान चढवलं, डोळ्यांनी एकदा तपासलं. एकही टॅग उघडा राहिला नव्हता.

मग ती वर गेली. धाकटी निवडुंगाला काठीने आधार देत होती.

"पत्त्याचे पैसे भरायचे आहेत," थोरली म्हणाली. "वर्ष संपत आलं. एकदम जास्तीत जास्त किती वर्षांचे भरता येतात?"

"दहा. पण दहा कशाला, जाऊबाई? दरवर्षी भरता येतात की."

"दहाचे भर."

"दहा वर्षं तुम्ही कोडी टाकत राहणार? तुम्ही एकाहत्तरच्या व्हाल."

"कोड्यांचं बघू. संपादकांना निवृत्त व्हायला अजून सात वर्षं आहेत," थोरली म्हणाली. "उरलेली तीन घरी बसून वाचतील."